कोल्ह्याचा रंग

साखरी नाटे, रविवार, सकाळचे साडेनऊ.
जेटी रिकामी, जाळी उन्हात पसरलेली,
आणि अख्ख्या वाडीतली पोरं काझींच्या ओटीवर.
सरकत्या दाराचं लाकडी खोकं,
त्यावर हमीदाचाचीने विणलेला क्रोशाचा रुमाल,
रुमालावर, का कोण जाणे, एक शंख.

आम्ही सतरा-अठरा जण.
पुढच्या रांगेत ज्यांची नाकं वाहत नाहीत ते,
हा चाचीचा नियम.

आणि पर्शा झाडावर.

अँटेना उंडीच्या शेंड्याला बांबूवर बांधलेला,
खाऱ्या वाऱ्याने त्याचे दोन दात आधीच खाल्लेले.
वारा वळला की तोही वळायचा,
पडद्यावर वारूळ फुटायचं,
आणि पानांतून हाक यायची,
"इला काय?"
"नाय! खरखरता नुसता!"
"आता?"
"थोडो विजयदुर्गाकडे घे... इला! इला! रव थयच!"

मुंग्यांमधून मग तो उगवायचा,
पाणबुडीतला कोल्हा.
शेपूट दुर्बिणीत अडकलेली,
होकायंत्र कायम उलटं दाखवणारं,
आणि सोबतीला चष्मा लावलेली एक कुर्ली
जी प्रत्येक संकटात आधी वही उघडायची.

भाषा कुणालाच धड कळत नव्हती.
मुंबईला चार महिने राहून आलेला मुजम्मिल
अर्थ सांगायचा.
"तो म्हणतोय, जैतापूरच्या खाडीत सोनं आहे."
आम्ही माना डोलवायचो.
"ती म्हणते, आधी बर्फवाल्याची उधारी दे."
आम्ही लोळायचो हसून.

एकदा ऐन भोवऱ्यात पाणबुडीची काच तडकली,
पाणी गळ्याशी आलं,
आणि लाईट गेली.

आठवडाभर कोल्हा बुडत होता.
तेराच्या पाढ्यात बुडत होता,
पेजेच्या ताटलीत,
रात्री गाजेच्या आवाजात तर फारच.
पुढच्या रविवारी बघतो तर
स्वारी भलत्याच बेटावर, कोरडी ठणठणीत,
अननस खात बसलेली.
वाचला कसा?
मुजम्मिलने क्षणभर डोळे मिटले.
"कुर्लीने नांगी घालून भोक धरलं. रात्रभर."
शेवंती तांडेलने त्यानंतर तीन दिवस
घरच्या कालवणाला हात लावला नाही.

मागच्या महिन्यात माझ्या लेकीने
तो भाग फोनवर शोधून दिला.
स्वच्छ, रंगीत, एक मुंगी नाही.
आता भाषा येते मला.
खाडीचं नाव नाही, उधारी नाही,
आणि भोवऱ्यातून कोल्हा जागा होतो नुसता.
स्वप्न पडलं होतं म्हणे.
लेक म्हणाली, एवढंच?
मी म्हटलं, नाही गं, एक कुर्ली होती,
आणि पुढे मला सांगता येईना.

रात्री पर्शाला फोन लावला.
इंजिनं दुरुस्त करतो तो आता, आंबोळगडच्या रस्त्याला,
आवाजात अजून डिझेलचा खोकला.
सगळं ऐकून घेतलं त्याने,
मग म्हणाला,
"एक इचारू? तो कोल्हो खयच्या रंगाचो होतो?"

आळीपाळीने चढायचं ठरलं होतं आमचं.
ठरलं होतं, एवढंच.
पाऊस सोडून दोन वर्षांचे रविवार
तो फांदीला मांड्या आवळून बसला,
आमचं हसू खालून वर ऐकत,
कशाला हसतायत ते विचारत,
आणि आम्ही ओरडायचो, "हलू नको रे!"

रंग मला माहीत होता. कालच पाहिला होता.
जिभेवर आला होता.
"तुला कसला वाटायचा?" मी विचारलं.

जराही थांबला नाही.
छत्तीस वर्षं तयारच ठेवलेलं असावं उत्तर.
"उंडीच्या फुलासारखो. धवो,
आणि पोटाकडे पिवळो."

"होय," मी म्हटलं, "तसाच."

"माका वाटलाच," तो म्हणाला.
मागे कुणीतरी पाना मागत होतं त्याच्याकडे.
"बरा, ठेवतंय. भरती लागली."